अण्णांनी पास केलेला रॉड

वजन उचलायचं तर आधी ते घरात यावं लागतं, ही साधी गोष्ट व्यायामाच्या एकाही व्हिडिओत सांगत नाहीत. तिथे एक धिप्पाड इसम रॉडसमोर आधीच उभा असतो. रॉड कुठून आणला, जिन्यात कसा वळवला, खालच्या मजल्यावरचे काय म्हणाले, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. एकदम "खांदे मागे घ्या" इथूनच सुरुवात. माझ्या मते खांदे मागे घेणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग आहे, आणि हे मी अनुभवाने बोलतोय.

मला रॉड कशाला हवा होता ते आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा गैरसमज नको. दंड दाखवत फिरायचं माझं वय नाही आणि मला कोणी तसा आग्रहही केलेला नाही. झालं असं, की अण्णा, म्हणजे माझे वडील, बाथरूममध्ये घसरले. लागलं काही नाही, पण खाली बसले ते बसलेच. गुडघे उठू देईनात. मी आत धावलो, त्यांच्या काखेत हात घातले, "एक, दोन" म्हटलं आणि तीनला मीच त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. पुन्हा जोर लावला तेव्हा अण्णाच मला म्हणाले, "जपून रे, तुला काहीतरी होईल." शेवटी बायकोने गॅलरीतून वॉचमनला हाक मारली. तो आला, त्याने अण्णांना टॉवेलासकट अलगद उचललं, खुर्चीवर बसवलं, वाहता नळ बंद केला आणि जाता जाता मलाही हात देऊन उठवलं.

तेव्हापासून अण्णा अंघोळीच्या आधी गॅलरीत जातात. कठड्यावरून वाकून वॉचमन गेटवर आहे ना, ते बघतात आणि मग टॉवेल घेतात. तो चहाला गेला असेल तर अंघोळ थांबते. मी त्यांचा सख्खा मुलगा, धडधाकट, त्यांच्या नजरेसमोर उभा असताना! अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण ते गॅलरीकडे निघाले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून मी मनाशी ठरवलं, की अण्णांना एकट्याने उचलता येईल एवढी ताकद कमवायचीच. घरात मात्र "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच म्हणालो. कोणत्या डॉक्टरांनी, ते कोणीच विचारलं नाही. माझ्याकडे बघून ते कोणत्याही डॉक्टरांनी सांगितलं असतं.

बायकोने ही गोष्ट फक्त समोरच्या काकूंना सांगितली, त्यामुळे ती संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळली. काकू स्वतः मला समजवायला आल्या. "आमच्या ह्यांच्या चुलतभावाने असंच वजन उचललं," त्या म्हणाल्या, "आणि मानच आत गेली हो. सगळ्या शर्टांच्या कॉलर बदलाव्या लागल्या." पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्यांकडे घरात धावायचं मशीन आहे, म्हणून या विषयातले ते आमच्याकडचे तज्ज्ञ. त्यांनी मला घरी नेऊन मशीन दाखवलं. त्यावर पायजमे वाळत होते. "रॉड लांबच घ्या," ते कळकळीने म्हणाले. "आमच्या मशीनवर चादर दुमडून टाकावी लागते. रॉडवर डबल चादर बसेल." त्यांनी स्वतः कधी त्या मशीनवर पाय ठेवला होता का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तज्ज्ञांना असं विचारायची पद्धत नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण अण्णांच्या कानावर 'वजन' हा शब्द गेला. अण्णा निवृत्त होईपर्यंत वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांची खोटी वजनं पकडण्यात त्यांची सगळी हयात गेली आणि ती सवय त्यांच्याबरोबर निवृत्त झाली नाही. आमच्याकडे दुधाची पिशवी आधी काट्यावर जाते, मग फ्रिजमध्ये. रोज सकाळी ते स्वतः काट्यावर उभे राहतात आणि "सदुसष्ट!" असं सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने जाहीर करतात. लग्नाच्या वेळी माझ्या बायकोची उंची सांगितल्यापेक्षा अर्धा इंच जास्त भरली, याचं त्यांना अजूनही कौतुक आहे. माझ्या उंचीबद्दल ते कधी बोलत नाहीत.

"वजन घ्यायला निघालास, आणि मला न विचारता?" अण्णा म्हणाले. त्यांनी कपाटातून आपला हूकवाला काटा काढला, छत्री घेतली आणि चपला घालून ते माझ्याआधी दारात जाऊन उभे राहिले.

व्यायामाच्या सामानाचं दुकान आमच्याजवळच्या चढाच्या अगदी माथ्यावर आहे. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, मी तेव्हा ठेवलं नव्हतं. दुकानदार हसतमुख होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि रबरी दोरी दाखवायला घेतली. मी जरा जरबेने म्हणालो, "रॉड दाखवा. चांगल्यातला." तो रॉड काढेपर्यंत अण्णांनी एक लोखंडी प्लेट काट्याला टांगलीसुद्धा होती.

"यावर शिक्का कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"कसला शिक्का, काका?"

"तपासणीचा. वीस लिहिलंय आणि भरतंय साडेएकोणीस."

"काका, ही व्यायामाची प्लेट आहे. यावर कोणी तांदूळ मोजत नाही."

"मग माझा मुलगा किती उचलतो, ते कळणार कशावरून?"

"कमी भरली तर उचलायला सोपंच जाईल की त्यांना," दुकानदार माझ्याकडे बघत म्हणाला. हे मला मनापासून पटलं होतं. पण अण्णा कडाडले, "फसवणूक गिऱ्हाइकाच्या फायद्याची असली तरी फसवणूकच!" दुकानातल्या सगळ्या प्लेटा काट्याला लटकून झाल्या. एकही खरी निघाली नाही. त्यातल्या त्यात कमी गुन्हेगार होत्या तेवढ्या अण्णांनी बाजूला काढल्या आणि दुकानदाराकडून खडू मागून घेऊन प्रत्येकीवर तिचं खरं वजन लिहिलं. दुकानदाराने तोवर हसणं बंद केलं होतं.

मग रॉडची पाळी. मधोमध जिथे हात धरायचे तिथे रॉडला बारीक खरखरीत नक्षी असते, म्हणजे तो निसटत नाही. अण्णांनी त्यावरून तळहात फिरवला आणि मला म्हणाले, "जा, हात ओले करून ये आणि मग धर."

"ओल्या हाताने कशाला, अण्णा?"

"धर म्हणतो ना!"

मी ओल्या हाताने धरला. पहिला निसटून माझ्या बुटावर आला, दुसऱ्याने तळहात सोलले, तिसरा बरा वाटला. पण तसल्याच नक्षीच्या रॉडांतला सरळ कोणता, याची अण्णांना खात्री हवी होती. "लोखंड दिसतं सरळ, असतं वाकडं," असं म्हणत त्यांनी रॉड जमिनीवर ठेवून ढकलून बघायचं ठरवलं. पहिला रॉड लंगडत गेला. दुसऱ्याने गिरकी घेऊन गल्ल्याला टक्कर दिली. तिसऱ्याला अण्णांनी छत्रीच्या टोकाने जरासं ढोसलं आणि तो मात्र न डगमगता, न डळमळता, चक्क नाकासमोर चालत दुकानाच्या उघड्या दारातून बाहेर पडला.

"हा सरळ आहे," अण्णा समाधानाने म्हणाले.

बाहेर उतार होता. रॉडने आधी जरा विचार केल्यासारखं केलं आणि मग धूम ठोकली. त्याच्यामागे दुकानदार, दुकानदारामागे मी आणि माझ्यामागे छत्री उंचावून अण्णा. लोक रॉडला अडवायला पुढे यायचे आणि तो अंगावर येताना बघून तितक्याच तत्परतेने मागे जायचे. कटिंगवाला वस्तरा घेऊन बाहेर आला आणि त्याच्या पाठोपाठ एका गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईकही आलं. मी ओरडत होतो, "अडवा! अडवा!" आणि अण्णा मागून ओरडत होते, "अडवू नका! बघू दे! सरळ चाललाय!" लोकांना नेमकं कोणाचं ऐकावं ते कळेना. त्यांनी वडीलधाऱ्यांचं ऐकलं.

उताराच्या पायथ्याशी चौक आहे. तिथल्या ट्रॅफिक हवालदाराने रॉड येताना पाहिला आणि सवयीने शिट्टी मारून दोन्ही बाजूंची वाहनं थांबवली. रॉडने रीतसर चौक ओलांडला आणि पलीकडच्या वाळूच्या ढिगात जाऊन विसावला. हवालदाराने खिशातून पेन काढलं.

"गाडी कोणाची?"

"ही गाडी नाही, साहेब," मी धापा टाकत म्हणालो. "हा रॉड आहे."

"चाकं आहेत का?"

"टोकाला फिरतं, पण..."

"मग गाडीच. नंबर कुठाय?" तो रॉडभोवती दोनदा फिरला. नंबर सापडेना आणि नंबराशिवाय त्याला दंड करता येईना. इतक्यात अण्णा येऊन पोचले. ते वाळूत बसून एक डोळा मिटून रॉडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघू लागले. एका सरकारी नोकराने दुसऱ्याला ओळखायला वेळ लागत नाही. हवालदारही शेजारी बसला आणि त्यानेही एक डोळा मिटला. "काका, सरळ आहे," तो म्हणाला. अण्णा म्हणाले, "पास!" निघताना हवालदाराने मला तेवढी समज दिली, की पुढच्या वेळी ब्रेक असलेला घ्या.

प्लेटा हातगाडीवरून आल्या. रॉड हातगाडीच्या बाहेर येत होता, तो माझ्या खांद्यावर आला. बाहेर येणाऱ्या सामानाला लाल फडकं बांधायचा नियम असतो, म्हणून अण्णांनी दुकानाची लाल पिशवी त्याच्या टोकाला बांधली. पुढे अण्णा छत्रीने लोकांना बाजूला करत होते आणि मागे मी. मी मान वळवली की रॉड वळायचा. एकदा कोणाच्या तरी हाकेला ओ द्यायला वळलो तर शेजारचा फळवाला खाली वाकला म्हणून वाचला. मग अण्णांनी मला सक्त ताकीद दिली, की घर येईपर्यंत कोणाशीही ओळख दाखवायची नाही. त्या रस्त्यावरचे माझे काही परिचित माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

रॉड लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने चढलो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या बरोब्बर खाली मासेवाले. ते मासे विकत नाहीत, काचेच्या मोठ्या टाकीत पाळतात. त्यांच्या दाराशी जिना वळतो आणि तिथे रॉड असा अडकला की पुढेही जाईना आणि मागेही येईना. तो वळवायचा तर त्याचं एक टोक त्यांच्या हॉलमध्ये घालणं भाग होतं. अण्णांनी बेल वाजवली. मासेवाल्यांनी दार उघडलं, मी "जरा येऊ का?" म्हणालो आणि ते "या" म्हणायच्या आत रॉड आत गेला. टाकीच्या काचेवर टक् असा आवाज झाला. काच फुटली नाही. टाकीतले सगळे मासे मात्र एका कोपऱ्यात गोळा होऊन माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या दारात. "तक्रार आहे. त्यांचा सोनेरी मासा जेवत नाही." मग ते घसा खाकरून म्हणाले, "शिवाय नियमात कुत्र्यांचा उल्लेख आहे, तबल्याचा आहे. लोखंडाचा कुठेच नाही."

"म्हणजे परवानगी आहे," मी म्हणालो.

"म्हणजे मनाई आहे," ते म्हणाले. "इंजिनिअरचं लिहून आणा, की खालचा स्लॅब हे वजन सोसेल."

"तुमच्या मुलीच्या वाढदिवसाला किती माणसं आली होती?" अण्णांनी खुर्चीतून विचारलं. "त्यांच्या वजनाचं लिहून आणलं होतं का?"

"पाहुणे वरून खाली आपटत नाहीत, अण्णा."

वाद बराच चालला. शेवटी असं ठरलं, की मी सर्वांसमोर वजन उचलून, अलगद खाली ठेवून दाखवायचं. सेक्रेटरी, काकू आणि बँकवाले आमच्या हॉलमध्ये बसले. बँकवाल्यांनी येताना अंदाज घ्यायला एक चादर आणली होती. मासेवाले खाली टाकीसमोर बसले आणि फोनवरून हालहवाल कळवू लागले. बायकोने फोन स्पीकरवर ठेवला. "मासे कोपऱ्यात आहेत," फोन म्हणाला. "शांत आहेत. नाराज आहेत, पण शांत आहेत."

मी बेताच्या प्लेटा लावल्या, खांदे मागे घेतले आणि रॉड उचलला. खरंच उचलला! अगदी कमरेपर्यंत! काकूंनी टाळी वाजवली. त्या टाळीने माझा घात केला. मी जरासा त्यांच्याकडे झुकलो, आणि प्लेटा घसरू नयेत म्हणून रॉडच्या टोकांना जे चाप लावतात, ते टेबलावर व्यवस्थित ठेवलेले मला त्याच क्षणी दिसले. उजवीकडच्या प्लेटा घसरून धाड् करून खाली गेल्या. रिकामं झालेलं ते टोक वर उडालं, पडदा घेऊन आलं आणि तो पडदा सेक्रेटरींच्या डोक्यावर ठेवून गेलं. एक प्लेट उभीच्या उभी दाराबाहेर पडली आणि जिन्याने धडाम् धडाम् करत एकेक मजला उतरत गेली. आम्ही सगळे तो आवाज थांबेपर्यंत ऐकत बसलो. माझी मान खरोखरच आत गेली होती.

"काय पडलं?" फोन किंचाळला. मग फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग भरून आलेल्या आवाजात, "अहो... जेवायला लागला! सगळेच वर आलेत! काकू, ऐकताय ना? सोनेरीसुद्धा जेवतोय!"

पडद्यातून सेक्रेटरींचा आवाज आला, "तक्रार मागे घेताय का?"

"तक्रार कसली? त्यांना सांगा, रोज याच वेळी आपटा!"

तेवढ्यात वॉचमन दारात आला. ती हरवलेली प्लेट त्याने वर्तमानपत्रासारखी काखेत मारली होती आणि तीन मजले चढून त्याला साधा दमही लागला नव्हता. "साहेब, तुमची ही खाली आली होती," तो म्हणाला. अण्णांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे गॅलरीत गेले. मला इतकं लागलं की मी त्या दिवशी चहासुद्धा अर्धाच घेतला.

पण मी सोडलं नाही. रोज संध्याकाळी चाप लावून, गादी घालून, मी रॉड उचलू लागलो. अण्णा समोर खुर्ची टाकून तपासणीला बसायचे. "गुडघे वाकव. पाठ सरळ. नापास. पुन्हा." शेवटची खेप मी मुद्दाम जरा आपटून ठेवायचो आणि खालून मासेवाले "थँक्यू!" म्हणायचे. हळूहळू प्लेटा वाढत गेल्या. मी कशासाठी वाढवतोय ते मी कोणाला सांगितलं नाही, पण मनात एकच आकडा होता. आणि एका संध्याकाळी रॉड आणि प्लेटांवर छापलेले आकडे मिळून बरोबर सदुसष्ट झाले. मी उचललं. पाठ सरळ, खांदे मागे, हात न थरथरता. खाली ठेवून मी मोठ्या आशेने अण्णांकडे पाहिलं.

"नापास," अण्णा म्हणाले.

"का? पूर्ण उचललं की!"

"उचललंस. पण हा मी नाही."

मी प्लेटांवरचे आकडे पुन्हा मोजू लागलो.

"छापलेलं कशाला बघतोस? खडूचं वाच. सगळं मिळून माझ्यापेक्षा सव्वा किलोने कमी आहे."

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"मग दुकानात ओले हात कशाला करायला लावले तुला?" अण्णा छताकडे बघत म्हणाले. "तिकडची छोटी प्लेट लाव. तिच्या जोडीची पण लाव. वर अर्धा किलो पाण्याचं धर. मी काही कोरडा पडणार नाही."

मी दोन्ही लावल्या. हात ओले करून आलो. चाप लावले, पुन्हा एकदा तपासले, आणि माझ्या वडिलांना, पाण्यासकट, जमिनीवरून कमरेपर्यंत उचललं. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. तिच्या हातातला डाव हातातच राहिला.

"पास," अण्णा म्हणाले आणि लगेच वर्तमानपत्र उघडून त्यामागे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी "सदुसष्ट!" झाल्यावर त्यांनी सरळ टॉवेल घेतला. गॅलरीकडे वळले नाहीत. मीच गॅलरीत जाऊन आलो आणि मला राहवलं नाही. "अण्णा, वॉचमन आज सुट्टीवर आहे हं."

"असू दे की," ते म्हणाले. "तू आहेस ना घरात?"

आणि आत गेले. कडी लावली नाही, दार फक्त लोटून घेतलं. मी बाहेर, गुडघे जरा वाकवून, खांदे मागे घेऊन उभा राहिलो. आत बादली भरली, तांब्या वाजला, पाणी पडायला लागलं. माझे डोळे भरून आले म्हणून मी बाहीने पुसायला जरासा वाकलो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"पाठ सरळ!"